माळ्यावर सापडलेली कट्यार: ओळखायची कशी आणि कोकणच्या पावसात जपायची कशी

कोकणातलं जुनं घर उतरवायला घेतलं की माळ्यावरून आधी पत्र्याच्या ट्रंका येतात, मग पायली-शेराची मापं, काचा फुटलेले कंदील, कुणाच्या तरी लग्नातला पेटारा. आणि एखाद्या घरात तेलकट फडक्यात गुंडाळलेलं, हातभर लांबीचं काहीतरी. फडकं सुटतं, आत कट्यार निघते आणि ओटीवर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ही थेट महाराजांच्या काळातली, आपले पूर्वज आरमारात होते. दुसरा म्हणतो, भंगार आहे, पोरांच्या हाताला लागेल, भंगारवाल्याला देऊन टाका. दोन्ही पक्षांना वस्तू नीट बघायची गरज वाटत नाही.

हा लेख त्या दोघांच्या मधे बसलेल्या माणसासाठी आहे. ज्याला ती वस्तू काय आहे हे कळून घ्यायचंय आणि कळेपर्यंत ती बिघडू द्यायची नाही. दोनच गोष्टी पक्क्या धरा: आधी मूठ बघा, पातं नंतर. आणि घासायला काहीही हातात घेऊ नका.

दुसरी गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. चौदा वर्षांचा असताना गणपतीच्या आदल्या दिवशी घरातली सगळी पितळ घासायची जबाबदारी माझ्यावर आली. समया, तांब्या, घंटा झाल्यावर देवघरातल्या कोनाड्यातली कट्यारही मी उत्साहाने उचलली. भिजवलेली आमसुलं, वर रांगोळी, आणि नारळाच्या सोडणाने खसाखस. कट्यार चकचकीत झाली खरी, पण मुठीच्या बाजूच्या पट्ट्यांवर पिवळसर वेल होती ती गेली. मला वाटत होतं ती घाण आहे. ते सोनं होतं. काका परसातून आले, हातात घेऊन बघितली आणि एवढंच म्हणाले, "मेल्या, ती काय समई आसा घासूक?"

पहिली पायरी: हात लावण्याआधी

फोटो काढा. जशी सापडली तशी, फडक्यासकट, ज्या पेटीत होती तिच्यासकट. ते फडकं, त्यातला कागदाचा कपटा, पेटीवरचं नाव, हे सगळं पुरावा आहे, आणि नेमकं तेच आपण पहिल्या पाच मिनिटांत केरात टाकतो.

मग हातमोजे. औषधाच्या दुकानात मिळणारे साधे नायट्राइलचे चालतात. हाताच्या घामात मीठ असतं आणि लोखंडावर बोटांचे ठसे पुढे गंजाच्या रूपाने उमटतात. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या घामाबद्दल तर बोलायलाच नको.

म्यानात असेल तर ओढाताण करू नका. म्यान बहुतेक लाकडी असतं, दोन फळ्या जोडून वर कापड किंवा चामडं चढवलेलं. शंभर वर्षांत तो जोड कुजतो, आणि पातं आत गंजून चिकटलेलं असतं. माणूस म्यान मुठीत घट्ट धरतो, जोर लावतो, पातं जोडातून बाहेर येतं आणि बोटं कापली जातात. म्हणून म्यान धारेच्या बाजूने बोटं न वळवता सपाट बाजूंनी धरा. सरळ रेषेत, सावकाश ओढून बघा. निघत नसेल तर नाही निघत, राहू द्या.

अंगावर लाल भुकटी दिसली तर लगेच गंज म्हणू नका. जांभ्या दगडाच्या घरात माळ्यावरच्या प्रत्येक वस्तूवर तोच रंग असतो. मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच झटका. झटकून गेली ती जांभ्याची धूळ, चिकटून राहिला तो गंज.

दुसरी पायरी: कायद्याचं काय

हे थोडक्यात, पण टाळू नका. शस्त्र अधिनियम 1959 आणि त्याखालच्या नियमांत धारदार हत्यारांचा वेगळा वर्ग आहे. तलवारी, गुप्ती, खंजीर त्यात येतात, आणि 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे सुरेही. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, म्हणून कमरेच्या आकडीला कोयता अडकवून माडाखाली उभ्या असलेल्या माणसाला कुणी अडवत नाही. कट्यारीला ती सवलत नाही. ती घरात ठेवायला परवाना लागतो का, हे त्या त्या भागासाठी निघालेल्या अधिसूचनेवर ठरतं, तेव्हा तालुक्याच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. सण, निवडणुका, मिरवणुका यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रं घेऊन फिरायला मनाई असते. एसटीत पिशवीत घालून "जरा दाखवायला" नेण्याचा मोह टाळा. फोटो न्या.

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष मानली जाते. 1972 च्या कायद्यानुसार ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. दुबईच्या मेहुण्याला भेट म्हणून द्यायचा बेत असेल तर सोडून द्या.

आणि वस्तू माळ्यावर नाही, जमिनीत सापडली असेल, विहीर खणताना किंवा चिऱ्याच्या खाणीत, तर गोष्टच वेगळी. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. दहा रुपये त्या काळातले, कायद्यात अजून तेवढेच.

तिसरी पायरी: मूठ वाचा

नवखा माणूस पात्याकडे बघतो, कारण भीती पात्याची वाटते. पण पातं तुटतं, झिजतं, बदलतं. एका मुठीत तीन पिढ्यांत तीन पाती बसलेली असू शकतात. मूठ मात्र ज्या हातासाठी घडली त्या हाताची राहते, आणि हत्याराचं नावही बहुतेक वेळा मुठीवरूनच ठरतं.

कट्यारीपासून सुरुवात करू, कारण तिच्यासारखी मूठ दुसऱ्या कुठल्याही खंजिराला नाही. दोन उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या मधल्या आडव्या दांड्या, बहुतेक दोन. पातं या दांड्यांना काटकोनात, पुढे. बादलीची कडी धरतो तशी मूठ धरायची, चार बोटं दांड्यांवर वळवायची, आणि पातं आपोआप बंद मुठीच्या पुढे येतं, हाताच्या रेषेत. उभ्या पट्ट्या मनगटाच्या दोन बाजूंनी मागे जातात.

आता हे असं का, ते स्वतःच्या हातावर करून बघा. साधी सुरी धरून भिंतीवरच्या उशीत टोक दाबा. जोर वाढला की मनगट वाकतं. मग नुसती मूठ वळून बुक्का मारा. मनगट, कोपर, खांदा एका ओळीत येतात आणि सगळं अंग त्या बुक्क्याच्या मागे उभं राहतं. कट्यार म्हणजे पातं लावलेला बुक्का. मागच्या दोन पट्ट्या मनगटाला आजूबाजूला कलू देत नाहीत. समोरच्याच्या अंगात चिलखत असलं, लोखंडी कड्यांची जाळी असली, तर वार करून उपयोग नसतो, एका जागी सगळा जोर घालून भोसकावं लागतं. ही सगळी रचना त्या एका कामासाठी आहे.

दांड्यांच्या मधोमध बहुतेक फुगीर मणी किंवा गाठ असते, ती बोटांच्या बेचक्यात बसते. मूठ तुम्हाला लहान वाटेल. जुन्या भारतीय मुठी बहुतेक सगळ्या अशाच घट्ट असतात, हात आत सैल हलू नये म्हणून. "आपले पूर्वज एवढ्या लहान हातांचे होते?" असा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. तुमच्याही घरात विचारला जाईल.

मुठीच्या वर, बोटांवर नागाच्या फण्यासारखी वळलेली पत्र्याची ढाल दिसली तर नीट थांबून बघा. हा दक्षिणेकडचा प्रकार. विजयनगरच्या आणि पुढे तंजावरच्या कट्यारींना असं बोटांचं छत्र असतं, आणि तंजावरला तर पुढे व्यंकोजीराजांपासून भोसल्यांचीच गादी होती. अशा कट्यारींत कधी कधी पातं परदेशी असतं. युरोपातल्या तुटलेल्या किंवा विकत आणलेल्या तलवारीचा तुकडा दोन पट्ट्यांमधे धरून खिळ्यांनी पक्का केलेला. त्या पात्यांना आपल्याकडे फिरंग म्हणत, आणि ती पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून आत येत. गोवा, चौल, वसई ही फिरंग्यांचीच ठाणी होती, तेव्हा किनाऱ्यावर फिरंगी पातं निघालं तर अचंबा वाटायला नको. पात्यावर अर्धवट रोमन अक्षरं, धावत्या लांडग्यासारखी ओबडधोबड खूण किंवा पापणीसारख्या समोरासमोर दोन दातेरी कमानी दिसतात का ते बघा. पण हुरळू नका, आपले लोहार हुशार होते. फिरंगी पात्याला भाव येतो म्हटल्यावर या खुणा त्यांनी इथेच ठोकायला सुरुवात केली.

दांड्या दाबल्या की पातं कात्रीसारखं उघडून आत दुसरं पातं दिसतं, असा एक प्रकार आहे. बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला. लोक त्याच्यावर फार खूश असतात. मला विचाराल तर लढाईपेक्षा दरबारात मिरवायला केलेली चीज, सांध्यामुळे पातं कमजोर होतं. तशी असेल तर उघडझाप करून दाखवू नका, स्प्रिंग तुटते.

मूठ कट्यारीसारखी नसेल तर पुढचं बघा.

मूठ म्हणजे एक बंद कडं आहे, ज्यातून बोटं आत जातात, आणि पातं नागमोडी, म्हशीच्या शिंगासारखं दुहेरी वळणाचं: हा बिचवा. नाव विंचवाच्या नांगीवरून. पुष्कळदा मूठ आणि पातं एकाच लोखंडातून ओढलेलं असतं, वेगळा जोडच नसतो. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांनी अफझलखानावर चालवलेल्या शस्त्रांत वाघनखांबरोबर याचंही नाव येतं, म्हणून महाराष्ट्रात निघालेला प्रत्येक बिचवा "त्याच जातीचा" असतो. जात तीच, पण पुढे काही बोलू नका. काही बिचव्यांच्या मुठीला खाली वाघनखंही जोडलेली असतात. वाघनखं स्वतंत्र असतील तर एका पट्टीला चार-पाच वाकडी नखं आणि दोन टोकांना बोटं घालायची कडी असतात, बंद मुठीत ती अजिबात दिसत नाहीत.

मूठ सगळी धातूची, वरचं टोक दोन फाट्यांत वळलेलं, पातं दुहेरी वळणाचं: चिलानम, अस्सल दख्खनी. अहमदनगर आणि विजापूरच्या चित्रांतल्या सरदारांच्या कमरेला शेल्यात खोचलेला दिसतो तो हाच. उत्तर कोकणात निजामशाही होती आणि दाभोळसारखं बंदर आदिलशाहीकडे, तेव्हा हा प्रकार इथे परका नाही.

वरचं टोक हस्तिदंती अर्धचंद्र, अळंबीच्या छत्रीसारखं पसरलेलं असेल तर खंजरली. हस्तिदंत असेल तर ती वस्तू विकायचा विचार मनातही आणू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो व्यापार बंद आहे.

पातं एकदाच वळलेलं, रुंद, दोन्हीकडे धार आणि मधोमध उंच शीर: जांबिया. मूळ अरबांचा. चौल, दाभोळ, राजापूर ही बंदरं शतकानुशतकं अरबस्तान आणि इराणशी व्यापार करत होती, त्यामुळे किनाऱ्यावरच्या मुसलमान, भंडारी, कोळी, कुणाच्याही घरात तो निघू शकतो. आणि पाठ सरळ, जाड, आडवा छेद इंग्रजी टी अक्षरासारखा, टोकाकडे सुईसारखं निमुळतं होत गेलेलं पातं असेल तर पेशकब्ज. तो वायव्येकडून आलेला.

काठीत लपलेली गुप्ती मी खंजिरांत धरत नाही. पण बरीच घरं धरतात, आणि आजोबांच्या फिरायला जायच्या काठीत ती निघाली की सगळ्यांचं तोंड बघण्यासारखं होतं.

चौथी पायरी: आता पातं

वही घ्या आणि मोजा. एकूण लांबी, पात्याची लांबी, मुठीजवळची रुंदी, मुठीजवळची जाडी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टोकाच्या अर्धा इंच आधीची जाडी. सोनाराकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानात व्हर्नियर मिळेल. साध्या सुरीचं पातं टोकाकडे पातळ होत जातं. चांगल्या कट्यारीचं मधे पातळ असतं आणि टोकाला पुन्हा जाड, कधी कधी चौकोनी छेदाचं. पात्याच्या मधल्या भागात खोलगट चौकटी कोरून वजन उतरवलेलं असतं आणि उंच शिरांवर ताकद ठेवलेली असते. टोक जाड असेल तर ते चिलखतासाठी घडवलेलं आहे. टोक पत्र्यासारखं पातळ असेल तर ती कट्यार मिरवायची.

मग खिडकीजवळ, सकाळच्या तिरप्या उन्हात, पातं हळूहळू फिरवा. पृष्ठभागावर पाण्याच्या तरंगासारख्या, लाकडाच्या रेषांसारख्या बारीक लहरी दिसल्या तर ते मुशीत वितळवून केलेलं जुनं पोलाद असू शकतं. लोखंड आणि कोळसा बंद मुशीत तापवून, सावकाश थंड करून हे पोलाद होत असे. त्यातल्या कार्बनच्या कठीण कणांच्या रांगा म्हणजे त्या लहरी. हे पोलाद दक्षिण भारतातून अरब देशांत जायचं. लहरी दिसत नाहीत म्हणून ॲसिड लावून "उठवायला" जाऊ नका. ते काम माहीतगाराचं आहे, आणि बिनसलं तर परतीची वाट नाही.

पाचवी पायरी: सोनं आणि लाख

नक्षी असेल तर भिंगाने बघा. कोफ्तगारीत लोखंडाचा पृष्ठभाग आधी बारीक उभ्या-आडव्या रेघांनी खरवडतात, आणि त्या खडबडीत भागावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवतात. सोनं नुसतं धरून बसलेलं असतं, आत गेलेलं नसतं. म्हणून आमसुलाने माझ्या हातून जे झालं ते झालं. आज त्या पट्टीवर भिंग धरलं तर बारीक जाळी दिसते, आणि एका कोपऱ्यात, जिथे सोडण पोचलं नव्हतं, दीड पान शिल्लक आहे. दुसरी पद्धत महाग: लोखंडात खोल चर कोरून सोनं आत बसवायचं. ती टिकते.

पातं मुठीत बसवायला आपल्याकडे पुष्कळदा लाख वापरलेली असते, लोणच्याच्या बरणीचं झाकण बंद करायला वापरायचे तशीच. बिचवा आणि कट्यार सोडून बाकीच्या काही प्रकारांत मुठीच्या पोकळीत पात्याची शेपटी घालून गरम लाख ओतायची. म्हणूनच मूठ गरम पाण्यात बुडवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, स्पिरिटने पुसायची नाही. लाख उन्हाने मऊ होते आणि स्पिरिटमधे विरघळते. मूठ आधीच खुळखुळत असेल तर फेव्हिक्विक घालू नका. राहू दे खुळखुळत.

सहावी पायरी: बाजारातली तर नाही?

पर्यटकांसाठी केलेल्या कट्यारी गेली दीडशे वर्षं बनताहेत, आणि त्यातल्या काही आता स्वतःच जुन्या झाल्यात. हत्ती, वाघ, शिकारीची उठावदार चित्रं पात्यावर भरलेली असली तर जरा सावध व्हा, लढायच्या पात्यावर एवढी गर्दी सहसा करत नाहीत. राजस्थानातल्या बुंदी-कोट्याच्या काही कट्यारी मात्र अस्सल असून देखण्या नक्षीच्या आहेत, त्यामुळे नुसत्या चित्रावरून निकाल देऊ नका.

मी काय बघतो ते सांगतो. चुंबक मुठीला चिकटत नाही आणि मूठ पोलादाच्या रंगाची आहे: ओतीव मिश्रधातू, अलीकडचा. गंज सगळीकडे एकसारखा, एका रंगाचा: ॲसिडने आणलेला. खरा गंज बेचक्यांत, खिळ्यांभोवती, बोटं पोचत नाहीत तिथे जास्त असतो. जोडावर वेल्डिंगचे मणी: सांगायची गरज नाही. पात्यावर समांतर, बारीक, यांत्रिक घासण्याच्या रेघा: सहसा नवीन. पण एक अपवाद आहे, पूर्वी गावोगाव फिरणारे शिकलगार शस्त्रांना पाणी आणि धार द्यायचे, आणि पुढे त्याच कामाला यंत्राची सहाण आली. जुन्या चांगल्या पात्यांवरही कुणीतरी ती फिरवलेली असते.

किंमत किती, हा प्रश्न मी घेत नाही. ज्या घरात तो पहिला विचारला जातो तिथे मला चहा लवकर मिळतो.

सातवी पायरी: गंज

चकाकी आणायचा नाद सोडा. दोन गंज असतात. काळपट-तपकिरी, कठीण, नखाने न निघणारा. हा पात्यावर बसलेला जुना थर आहे आणि तो आतल्या लोखंडाला झाकतो. त्याला हात लावू नका. दुसरा नारिंगी, भुरभुरीत, बोटाला लागणारा. तो जिवंत आहे, खातो आहे.

समुद्राजवळच्या घरांत तिसरी गोष्ट दिसते, आणि ती वाईट. पात्यावर नारिंगी, ओलसर, मोहरीएवढे थेंब. हवा दमट झाली की येतात, कोरडी झाली की पोकळ फोड होऊन राहतात. खारं वारं वर्षानुवर्षं लागून लोखंडात मीठ मुरलं की असं घामेजतं. हे घरच्या तेलाने थांबत नाही, तेल वरून लावलं तरी आत काम चालूच राहतं. अशी वस्तू कोरड्या डब्यात घालून तज्ज्ञाकडेच न्यावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, लखनौला केंद्र सरकारची संवर्धनाची प्रयोगशाळा आहे. आधी फोटो पाठवून विचारा.

साध्या नारिंगी गंजाला एवढं करा. बांबूची कामटी तासून सपाट टोक काढा, त्याने भुरभुरीत गंज हलकेच खरवडा. बांबू लोखंडापेक्षा मऊ असतो, ओरखडा काढत नाही. सुती कापडाच्या तुकड्यावर शिवणयंत्राचं तेल दोन थेंब घेऊन पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसा. नक्षीवर नाही, मुठीवर नाही, फक्त साध्या पात्यावर. मग कोरड्या कापडाने जवळजवळ सगळं तेल काढून टाका, तेलाचा नुसता हात राहू द्या. जाड थरात धूळ बसते आणि धूळ पाणी धरते.

खोबरेल लावू नका. मला माहीत आहे, आपल्याकडे केसांपासून कुलपापर्यंत सगळ्याला खोबरेलच लागतं. पण ते काही महिन्यांत खवट होतं, चिकट पिवळा थर होतो, आणि त्या आंबलेल्या थराखालीच लोखंड काळं पडायला लागतं. लिंबू, चिंच, आमसूल, राख, रांगोळी, वाळूचा कागद, तारेचा ब्रश, पितळेची पॉलिश, काही नको.

आठवी पायरी: पावसाळा

आमच्या घरात कट्यार पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर असायची. वर्षभर खालून ऊब. आजीच्या काळात तिला गंज म्हणून कधी चढला नाही. गॅस आला, चूल परसातल्या पडवीत गेली, माळा थंड पडला आणि तीन पावसाळ्यांत पात्यावर खड्डे आले. ही गोष्ट आम्हाला कळायला वीस वर्षं लागली, तोवर ती देवघरात आणून ठेवली होती, जिथे रोज पाणी.

कोकणात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्या चार महिन्यांत हवेतली आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांच्या वर असते. साध्या लोखंडाला ती 50 च्या खाली हवी. अख्खं घर कोरडं करणं शक्य नाही, पण एक डबा करता येतो.

मृग लागायच्या आधी, हवा अजून कोरडी आहे तोवर, घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा आणा, रबरी कडा असलेला. खाली पांढरं धुतलेलं सुती कापड. वर्तमानपत्र नको, त्यात आम्ल असतं. लाकडी पेटी नको, लाकूड स्वतः वाफा सोडतं आणि ओल धरतं. मखमल तर नकोच नको. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नारिंगी रंगाच्या, ओल शोषली की हिरव्या होतात. हिरव्या झाल्या की दाणे पुडीतून काढून ओव्हनमधे 120 अंशांवर दोन तास ठेवा, पुन्हा नारिंगी होतात. शे-दोनशे रुपयांना आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, तेही डब्यातच, बाहेरून वाचता येईल असं.

म्यान वेगळं ठेवा. ही गोष्ट सगळ्यांना चुकीची वाटते, कारण म्यान ठेवण्यासाठीच असतं ना? ते कमरेला बांधून फिरण्यासाठी असतं. चामड्यातलं आम्ल आणि लाकडातली ओल पात्याला चहूबाजूंनी चिकटून बसते. म्यान दुसऱ्या डब्यात, थोड्याच जेलबरोबर. हस्तिदंती किंवा लाकडी मुठीचा खंजीर असेल तर त्याच्या डब्यातही जेल बेताचं, 45 ते 50 टक्क्यांवर राहील एवढंच, नाहीतर मूठ तडकते.

डबा रोज उघडून बघू नका. गणपतीच्या आधी एकदा, पितृपक्षात एकदा, तेही पाऊस उघडलेल्या दुपारी.

नववी पायरी: खंडेनवमी

आता पूजा. शस्त्रं पुजायची परंपरा मोडायला सांगणारा मी कोण. पण पंचामृताने न्हाऊ घातलेली कट्यार मी बघितली आहे, आणि दूध, दही, मध, साखर यांचं लोखंडावर काय होतं तेही. हळद-कुंकू पात्याला न लावता पाटावरच्या वस्त्राला लावा. फुलं कट्यारीच्या शेजारी, तिच्यावर नको, झेंडूच्या ओल्या देठाचा डाग पडतो. पाणी फिरवायचं ते दुरून. आमच्याकडे आता गुरुजींना आधीच सांगून ठेवतो, तेही हसतात आणि अक्षता जपून टाकतात. संध्याकाळी पुसून, तेलाचा हात फिरवून ती परत डब्यात.

डोळा तयार करायला

एका घरातल्या एका कट्यारीवर ओळख होत नाही. दहा बघितल्या की अकरावी बोलायला लागते. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. आणि मुंबईच्या संग्रहालयात अकबराचं उरस्त्राण, म्हणजे छातीवरचं चिलखत, आणि ढाल समोर आली की टोक जाड का लागतं ते आपोआप कळतं. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जुलै 2024 मधे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं काही काळ बघायला ठेवली होती. ती इंग्रज अधिकारी ग्रँट डफने तिकडे नेलेली. त्यांच्याबद्दल वाचताना एक धडा फुकट मिळतो: ही नेमकी महाराजांचीच का, हे सिद्ध करता येत नाही असं त्या म्युझियमचं स्वतःचंच म्हणणं आहे. एवढ्या मोठ्या संस्थेला जे म्हणायला लाज वाटत नाही ते आपणही आपल्या ओटीवर म्हणू शकतो.

आणि संग्रहालयापर्यंत जाणं झालं नाही तर आपल्याच भागातल्या देवळांच्या आवारातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, बघा. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर अख्खी नाविक लढाई कोरलेली आहे. दगडातल्या वीराच्या कमरेला काय खोचलंय आणि त्याने ते कुठल्या पकडीत धरलंय, ते बघायची सवय लावा.

शेवटचं काम वहीतलं. डब्यात एक कागद ठेवा, शाईच्या पेनाने नाही, पेन्सिलीने लिहिलेला: वस्तू कुठे सापडली, कोणी काढली, तारीख, मापं, काय काय केलं आणि काय केलं नाही. घरातल्या मोठ्या माणसांनी सांगितलेली गोष्टही लिहा, पण "काकांच्या म्हणण्याप्रमाणे" असं लिहून. आमच्या डब्यातल्या कागदावर तिसऱ्या ओळीत माझंही नाव आहे, पुढे वर्ष, आणि पुढे: आमसूल व रांगोळीने घासली, डाव्या पट्टीवरची नक्षी गेली.